बांधावरच्या आईचं परमिट

आवडाबाई माझ्या चटईवर पहिल्यांदा येऊन बसली तेव्हा मी जेवत होतो, आणि मी जेवत असताना कुणी अर्ज लिहायला आलं की माझं डोकं फिरतं. ठाण्याच्या कचेरीसमोर पिंपळाखाली मी बसत असे. भाऊ अर्जवाले म्हटलं की टांगेवाला थेट माझ्यापाशी आणून सोडायचा. बांधाच्या भांडणाचे, वारसाचे, शेजाऱ्याच्या कोंबडीने वांगी उकरल्याचे, असे नाना तऱ्हेचे अर्ज मी लिहिले. पण कोलशेतच्या एका आगरी बाईने येऊन "मना या देशाची करा" म्हणावं, हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, बाई, तुझा जन्म कुठला? म्हणाली बाळकूम. लग्न होऊन कुठे आलीस? म्हणाली कोलशेत. मग मी म्हटलं की बाळकूम आणि कोलशेत काय विलायतेत आहेत? तू इथलीच आहेस, घरी जा आणि मला भात खाऊ दे. तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून एक सरकारी कागद काढून माझ्या डब्याशेजारी ठेवला. ते कराचीहून आलेलं परमिट होतं. मी डबा झाकला.

हे सन एकोणपन्नासच्या दसऱ्याच्या सुमाराचं. आता मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच चुकाल.

आवडाबाईचा नवरा गणू मिठागरातला कसबी माणूस. पाणी कधी घ्यायचं, कधी अडवायचं, मीठ कधी ओढायचं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. फाळणीच्या दहा-बारा वर्षं आधी एका शेठने त्याला कराचीच्या मिठागरावर नेलं, बायकोसकट. तिथे ठाणे बाजूची आणखी घरं होती. त्यांनी तिथल्या बांधावर एक धोंडा मांडला, त्याला शेंदूर फासला आणि तिचं नाव ठेवलं बांधावरची आई. ताप आला की तिला नारळ, मीठ चांगलं पिकलं की तिला नारळ. आवडाबाईचं तिच्याशी फार सख्य. माणसांशी बोलावं तशी ती तिच्याशी बोलायची, भांडायचीसुद्धा.

आणि आवडाबाई होती धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात आवतण देते, हळद चढवते, कुणी कुठे बसायचं आणि कधी उठायचं ते ठरवते. पाटलालासुद्धा "बस खाली" म्हणायचा अधिकार लग्नात फक्त तिला. असा अधिकार मिळाला की तो लग्न संपल्यावर खाली ठेवायचं माणूस विसरतं. आवडाबाई तर तो कायमचा विसरली होती.

फाळणी झाली. गणूने बिऱ्हाड आवरलं, आगबोटीत बसला आणि कोलशेतला येऊन आपल्या ओट्यावर टेकला. आवडाबाई मात्र मागे राहिली, कारण तिने तिथल्या एका घरी लग्नाला शब्द दिला होता. लग्न आठवड्यावर आलं आणि नवऱ्या मुलाला गालगुंड झालं. सुजलेल्या गालाला हळद कशी लावणार? तो बरा झाला तर नवरीला झालं. ती उठली तर नवरीच्या बापाला. त्याला मेल्याला साठाव्या वर्षी गालगुंड व्हायचं काय अडलं होतं? लग्न लागलं तोवर अठ्ठेचाळीसचा पावसाळा येऊन ठेपला होता, आणि मागोमाग कायदा आला की आता जुलैनंतर येणाऱ्याला परमिट पाहिजे. ते मिळवण्यात आठ महिने गेले. ती कोलशेतला पोचली ती शिमग्याला.

आता कायद्याचा चमत्कार बघा. जुलैच्या आधी आलेला तो आपोआप इथला. नंतर आलेल्याने परमिट दाखवायचं, इथे सहा महिने राहायचं, मग अर्ज करायचा, चौकशी व्हायची आणि नोंद झाली तर तो इथला. आणि हे सगळं घटना लागू व्हायच्या आत, म्हणजे सव्वीस जानेवारीच्या आधी. एकाच घरातली, एकाच चुलीवरचं खाणारी दोन माणसं; गणू फुकटात भारताचा झाला आणि आवडाबाई अर्जाची राहिली.

गणूचं मात्र फावलं. उभ्या जन्मात ज्याला बायकोने मान वर करू दिली नव्हती, त्याच्या हाती आयतंच राज्य आलं. ओट्यावर पाय पसरून तो म्हणायचा की हा माझा देश आहे, इथे माझं चालणार. चहा उशिरा आला तर कचेरीत कळवीन म्हणायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा की घरात पाहुणी आहे, सांभाळून घेतो झालं. आवडाबाई दात खाऊन चहा आणून देत होती. मला म्हणाली, अर्जात पहिल्यांदा लिहा की तो गाढव आहे. मी म्हटलं, त्याला रकाना नाही. बरं, नवऱ्याला गाढव म्हणताना जी जीभ जरा अडखळली नाही, तीच नवऱ्याचं नाव विचारल्यावर पदराआड गेली. शेवटी टांगेवाल्याकडून नाव कळलं. माझा भात तोवर गार झाला होता.

पण गणूचं काय घेऊन बसलात, खरं दुखणं वेगळंच होतं. ती नसताना गावाची लग्नं ठमाबाईने लावली होती. ठमाबाई म्हणजे किडकिडीत, नाकासमोर चालणारी आणि नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिने दहा-बारा वर्षं गावाचे मांडव सांभाळले, आणि एक दिवस शिमग्याला आवडाबाई पत्र्याची पेटी घेऊन हजर. वैशाखात लग्नं सुरू झाली. ठमाबाई धवले म्हणायची आणि आवडाबाई समोर बसून चुका काढायची. हे कडवं आधी नाही, ते आधी. हा सूर असा नाही, तसा. ठमाबाईने सोसलं. मग एका मांडवात देवांना आवतण देणं चाललं होतं. गावदेवी झाली, खाडीवरचे देव झाले, आणि आवडाबाईने खालूनच खणखणीत आवाजात कराचीच्या बांधावरच्या आईला बोलावणं धाडलं.

ठमाबाई गायची थांबली. नवरानवरी हळदीच्या हातांनी तशीच बसून राहिली. ठमाबाईने विचारलं, त्या देवीजवळ परमिट आहे का?

झालं, पंच बसले. गावचा काळुराम पाटील तसा समजूतदार, पण मिशीला पीळ देऊन बोलायला लागला की त्याला स्वतःलाच आवरत नाही. त्याने निवाडा दिला की आवडाबाई कचेरीतून इथली होऊन येत नाही तोवर तिने मांडवात तोंड उघडायचं नाही, आणि तिच्या त्या आईनेही यायचं नाही. दुसऱ्या देशाच्या बाईने लावलेलं लग्न उद्या कुणी मोडीत काढलं तर जबाबदार कोण? या प्रश्नावर पंचांनी बराच वेळ माना हलवल्या.

आणि माघात तुळसाचं लग्न ठरलं होतं. तुळसा ही आवडाबाईची पुतणी. आवडाबाई कराचीला जायच्या आधीच तिची आई बाळंतपणात गेली, आणि जाताना आवडाबाईचा हात धरून म्हणाली होती की माझ्या पोरीला हळद तू चढव. हे सांगताना आवडाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मी विचारलं, अर्ज फेटाळला तर? तिने परमिटाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. तुळसाची हळद हातची जाईलच, पण इथे राहता तरी येईल का, हेही तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी त्या दिवशी माझ्या आयुष्यातला सर्वांत सुरेख अर्ज लिहिला. कुणी त्याचं कौतुक केलं नाही, ते जाऊ द्या.

मार्गशीर्षात चौकशीचा दिवस आला. गुरुदत्त साहेब नावाचे अधिकारी, नवेच पुण्याहून बदलून आलेले, शुद्ध बोलणारे आणि टांग्यात ताठ बसणारे. वाट दाखवायला मला बरोबर घेतलं. मी आदल्या दिवशी काळुरामला निरोप धाडला होता की साहेब फक्त एवढंच विचारतील, बाई इथे सहा महिने राहते आहे का. तेवढं खरं सांगा आणि गप्प बसा.

पण कोलशेतकरांची एक रीत आहे, आणि ती माझ्या ध्यानात यायला हवी होती. आपसात डोकी फोडतील, पण सरकार दारात आलं की सगळं गाव एक. आणि सरकारला सांगायचं ते कधी मापाने नाही. कर मागायला आलं तर पीक कमी सांगायचं, साक्ष मागायला आलं तर भरभरून द्यायची. आपल्या बाईला सहा महिन्यांची साक्ष द्यायची म्हणजे गावाला कमीपणा. काळुरामने सकाळीच सगळ्यांना ओट्यावर बसवून पढवून ठेवलं होतं.

साहेब खुर्चीवर बसले. पहिला भिवा. त्याने सांगितलं की आवडाबाई जन्मात गाव सोडून गेलेली नाही. साहेबांनी चष्मा पुसला. दुसरा गोविंदा. त्याने विचारलं की कराची म्हणजे भिवंडीच्या पुढे का? मग खुद्द काळुराम उठला, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला की या बाईला आम्ही बाळकूमच्या पलीकडे कधी पाहिलेलं नाही, तिचा उंबरठा आणि ती, बस.

मी मागे उभा राहून हातवारे करत होतो. काळुरामला वाटलं मी शाबासकी देतोय. त्याने आणखी दोन वाक्यं जोडली.

साहेबांनी माझा सुरेख अर्ज वर धरला. यात लिहिलं आहे की ही बाई कराचीहून आगबोटीने आली. ही जर गावातून हललीच नाही, तर कराचीहून आली ती कोण? काळुराम विचारात पडला. मग म्हणाला, ती दुसरी असंल.

साहेबांनी गणूला पुढे बोलावलं. गणूने इतके महिने केलेलं राज्य साहेबाच्या एका नजरेसरशी गळून पडलं. त्याला गावाचं बोलणंही मोडायचं नव्हतं आणि पेटीवर कराचीच्या दुकानाचं नाव आहे हेही आठवत होतं. दोन्हीचा मेळ घालून तो म्हणाला की बायको इथेच होती, मी एकटाच गेलेलो. आणि मग, देवाला ठाऊक कुठून, त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की तो पुढे बोलून गेला, "बारा वर्सं लय सुखात व्हतो, साहेब."

आवडाबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बिचाऱ्याची वाचा पुढचा सबंध दिवस गेली होती.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे टोपण लावून लेखणी खिशात ठेवली आणि म्हणाले की एक तर अर्ज खोटा आहे किंवा सगळं गाव खोटं आहे. कसंही असलं तरी वास्तव्य सिद्ध होत नाही, आणि मला तसंच लिहावं लागेल. आवडाबाई उठून उभी राहिली. "मी गेलेली, साहेब," ती म्हणाली. "आनी परत आयली. यांचं नका आयकू, हे माजे हायत म्हनून खोटं बोलतात." साहेबांनी मान हलवली, पण अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दावर नोंद करता येत नाही, असं सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिच्या रडण्यालासुद्धा आवाज होता, खाडीपर्यंत गेला असेल.

काळुरामची मिशी तोवर पडली होती. आता खरं सांगतो म्हणाला तर साहेब म्हणाले, पाटील, आता तुमचं खरंसुद्धा मला खोटंच वाटणार.

ठमाबाई या बैठकीला आलेली नव्हती. आवडाबाईसाठी मी कशाला येऊ, म्हणून घरीच बसली होती. पण ओट्यावर काय काय बोललं गेलं ते गावात पसरायला कितीसा वेळ? सुपातले तांदूळ तसेच टाकून ती आली, आणि माणसांना बाजूला सारत थेट साहेबांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"ही गेलीच नाय म्हनतात?" ती म्हणाली. "मग बारा वर्सं या गावाची लगनं लावली कोनी? ह्या पाटलानं?"

भिवाच्या पोराला हळद कोणी चढवली? गोविंदाच्या दोन्ही पोरींना? तिने एकेकाकडे बोट दाखवून विचारलं आणि जो तो खाली बघायला लागला. ही गेली म्हणून मी उभी राहिले, ठमाबाईने साहेबांना सांगितलं. ही गेलीच नाही म्हणता, तर मी केलं ते काय वाऱ्यावर केलं?

साहेबांनी हळूच लेखणी पुन्हा बाहेर काढली. विचारलं की मग ही परत कधी आली.

अहो, हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ठमाबाई शिमग्यापासून वाट बघत होती. जे सुटली म्हणता! होळी रचत होतो त्या संध्याकाळी आली, पेटी खाली ठेवायच्या आधी म्हणाली की होळी वाकडी रचली. वैशाखात एक मांडव सोडला नाही, प्रत्येक मांडवात माझी चूक काढली. पावसाळ्यात लग्नं नसतात तर माझ्या दारात येऊन बसायची आणि मागच्या लग्नातल्या चुका काढायची. गौरीला आली. नवरात्रात आली. दिवाळीत मी कानात कापूस घालून बसले तर खुणा करून सांगितलं की दुसरं कडवं चुकलं. साहेब, बाहेरगावी म्हणून एक दिवस गेली नाही हो. गेली असती तर गावदेवीला मी नारळ फोडला असता.

साहेब भराभर लिहीत होते. मध्येच थांबून विचारायचे, भाद्रपदातही? आणि ठमाबाई आणखी दोन गाऱ्हाणी काढायची. एवढी सलग, महिन्यामागून महिना लावलेली साक्ष मी कचेरीत कधी ऐकली नाही. तिने ती संपवली, साहेबांनी वाचून दाखवली आणि ठमाबाईचा अंगठा घेतला. मग साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या या तक्रारीवर ही आता इथली होणार. कळलं का?"

ठमाबाई आपल्या अंगठ्याच्या शाईकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही तो कागद फाडते. पण ती म्हणाली, "खरं हाय तर लिवा," आणि पदराला अंगठा पुसून तांदूळ निवडायला निघून गेली.

जानेवारीत, सव्वीस तारखेच्या आतच, नोंद झाल्याचा दाखला आला. आवडाबाई तो कागद घेऊन कचेरीतून थेट घरी गेली. गणू ओट्यावर पाय पसरून बसला होता. तिने कागद त्याच्या नाकासमोर धरला, घागर त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की आता देश दोघांचा आहे, पाणी आण. गणूचं राज्य त्या दिवशी बुडालं, आणि खरं सांगू, त्यालाही जरा हायसंच वाटलं असावं. राज्य चालवणं त्याच्या प्रकृतीला मानवत नव्हतं.

त्याआधी, कचेरीतून निघता निघता, ती माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आली होती. आता मी इथली झाले, तर तिथल्या आईला मांडवात बोलावता येईल का? मी कायद्याचा माणूस. मी म्हटलं, अर्ज माणसाचा होता, देवीचा नव्हता. पाटलाचा निवाडा देवीपुरता अजून उभा आहे. कशाला उगाच हातचं घालवतेस? ती बरं म्हणाली आणि गेली.

माघात तुळसाचं लग्न लागलं. मला आमंत्रण होतं, आणि त्या मांडवातलं मटण चुकवण्याइतका मी अजून शहाणा झालेलो नाही. मांडवात दोन पाट मांडले होते. आवडाबाई एकावर, ठमाबाई दुसऱ्यावर. ही सोय कुणी केली ते कुणी सांगेना. आवडाबाई म्हणायची, ठमाबाई मागून ओढायची, आणि दोघींचं दुसऱ्या कडव्यावरून एकदा वाजलंच. तुळसाला हळद आवडाबाईने चढवली. हळद चढत असताना तुळसा मुसमुसत होती.

मग देवांना आवतण सुरू झालं. गावदेवी झाली. खाडीवरचे देव झाले. बाळकूमची देवी झाली. आणि आवडाबाई थांबली. पुढे काही नव्हतंच, संपलं होतं आवतण, पण तिच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं की संपलेलं नाही. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. एवढी आडदांड बाई, पण मला तिची फार कणव आली. बांधावरची आई तिकडे एकटी उन्हात बसलेली, आणि आता तिला नारळ फोडायलाही कुणी उरलेलं नव्हतं.

ठमाबाईने वाट पाहिली. मग कोपराने आवडाबाईला ढोसलं. "तिला ईसरलीस?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच वरच्या सुरात सुरू केलं, बांधावरच्या आई, ये गो माय, आमचे पोरीच्या लगनाला ये. चाल जरा चुकलेलीच होती. आवडाबाईने त्या दिवशी चूक काढली नाही, ती डोळे पुसत तिच्या मागून म्हणू लागली.

काळुराम पाटलाने मिशीला हात घातला. पंचांचा निवाडा मोडतोय म्हटल्यावर त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. त्याने घसा खाकरला आणि विचारलं, पण ती तर दुसऱ्या देशाची, तिचं कसं काय?

"तिची साक्ष मी देतंय," ठमाबाई म्हणाली. "बस खाली."

काळुराम बसला आणि हळद पुढे सुरू झाली.